दायमाबादच्या रथातील सोमल

बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या रस्त्यावर चौसाळा हे गाव लागते. बालाघाटाच्या पठारावरील या मुलखात विहीर खणावयास घेतली, की प्रथम माती, मग मुरूम आणि मग काळा पाषाण, हा क्रम ठरलेला आहे. पहारीखाली क्वचित गारगोटी निघते. क्वचित पाषाणाच्या पोकळीत पांढऱ्या स्फटिकांचे झुबके दिसतात. परंतु मुशीत घालून तांबे गाळता येईल असा दगड काही तेथे हाती लागत नाही. असे असूनही मराठवाड्यातील जुन्या घरांत हंडा तांब्याचा, घंगाळ तांब्याचे आणि देवघरातील पळीपंचपात्रीही तांब्याचीच. हे सारे तांबे बाहेरून आलेले आहे, आणि ही परावलंबी स्थिती आजची नव्हे. निदान साडेतीन-चार हजार वर्षे तरी ती अशीच चालत आलेली आहे. (मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे तांब्याची मोठी खाण आहे खरी, पण तो बालाघाट निराळा आणि आपला निराळा. नामसाम्याने कोणी फसू नये.)

चौसाळ्याच्या वायव्येस, सरळ रेषेत दीडशे किलोमीटरांच्या आत, प्रवरा नदीच्या डाव्या तीरावर दायमाबाद नावाची ओसाड पांढर आहे. हीच प्रवरा पुढे प्रवरासंगमास गोदावरीला मिळते, आणि तीच गोदावरी बीड जिल्ह्याची उत्तर सीमा आखीत जाते. पांढर ही की जुन्या वस्तीची राखमाती. श्रीरामपूर तालुक्यातील या जागेचा शोध १९५८ साली बा. पु. बोपर्डीकर यांनी लावला, आणि १९५८-५९ मध्ये म. ना. देशपांडे यांच्या देखरेखीखाली तेथे पहिले उत्खनन झाले. पण दायमाबादचे नाव जगभर गेले ते पुरातत्त्वज्ञांच्या कुदळीमुळे नव्हे. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल या शेतकऱ्यास तेथे जमिनीत चार धातुशिल्पे सापडली: बैलजोडी जुंपलेला आणि सारथी उभा असलेला एक रथ, एक गेंडा, एक हत्ती आणि एक रेडा. सर्व भरीव ओतीव. एकट्या रथाचीच लांबी सुमारे ४५ सेंटीमीटर, आणि चौघांचे मिळून वजन सुमारे ६० किलोग्रॅम. ज्या प्रदेशात धातूचा कण पिकत नाही, तेथे इतका धातू चार शिल्पांत ओतलेला पाहून त्या काळी विद्वानांचे डोळे दिपले असल्यास नवल नाही.

मात्र या आनंदात एक काटा होता. शिल्पे शास्त्रीय उत्खननात, अमुक थरात, अमुक खापरांच्या सोबतीने निघाली नव्हती. त्यामुळे ती कोणत्या काळची, हे सांगावयास मातीची साक्ष उरली नाही. पुढे १९७४ पासून १९७९ पर्यंत एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनी तेथे पुन्हा खोदकाम केले, तेव्हा एकावर एक अशा पाच संस्कृतींचे थर उलगडले आणि त्यांत सिंधुलिपीतील अक्षरे असलेली उत्तर-हडप्पा काळची वस्तीही निघाली. मग ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी शिल्पे त्याच काळची, म्हणजे इ. स. पूर्वी २००० च्या सुमाराची मानली. गेंडा आणि हत्ती हे प्राणी सिंधूच्या मुद्रांवर आहेतच, हेही त्यांच्या पक्षास बळकटी देणारे होते.

यावर आक्षेप आला तो रसायनशास्त्राच्या दालनातून. डी. पी. अग्रवाल यांनी धातूची परीक्षा करून सांगितले, की यात टक्क्याहून अधिक आर्सेनिक आहे. दख्खनच्या अन्य ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असा मिश्रधातू आढळत नाही. तस्मात् ही शिल्पे बरीच अलीकडची, ऐतिहासिक काळातलीही असू शकतील. म्हणजे दोन हजार वर्षांचा हा वाद एका टक्क्यावर येऊन ठेपला. आजच्या भाषणात मला या एका टक्क्याचीच चौकशी करावयाची आहे, आणि ती करण्यासाठी आपणांस थोडा वेळ खनिजांच्या जगात न्यावे लागेल.

आर्सेनिक हे मूलद्रव्य आपणांस त्याच्या नावाने ओळखीचे नसले तरी त्याच्या परिवाराने चांगलेच ओळखीचे आहे. सोमल म्हणजे त्याचे पांढरे, विषारी प्राणिद. हरताळ आणि मनशीळ ही त्याची गंधकाशी झालेली संयुगे, पहिले पिवळे व दुसरे तांबडे. जुने लेखक पोथीतील चुकीच्या अक्षरावर हरताळाचा लेप देत, म्हणून आपण अजूनही केलेल्या कामावर ‘हरताळ फासला’ असे म्हणतो. रसशास्त्राच्या ग्रंथकारांस तर हेही ठाऊक होते, की तांब्यावर हरताळाचा प्रयोग केला असता ते रुप्यासारखे पांढरे दिसू लागते. किमया म्हणून जी सांगितली जाई, तिच्या मुळाशी पुष्कळदा एवढेच असे.

परंतु तांबे आणि आर्सेनिक यांची ही गाठ माणसाच्याच मुशीत पडते असे नाही. निसर्गाने ती भूगर्भात आधीच घालून ठेविली आहे. चिली देशाच्या उत्तर भागातील खाणींत एक विलक्षण खनिज मिळते. ते नुकते फोडले असता कथलासारखे पांढरेशुभ्र चमकते. काही काळाने त्यावर पिवळसर झाक येते, मग ते तपकिरी होते, आणि कधी कधी पारव्याच्या मानेवर खेळणारे रंग त्यावर उमटतात. सुरीने त्यावर सहज ओरखडा उठतो. काठिण्याच्या दहा पायऱ्यांत त्याची पायरी तीन ते साडेतीन. हातात घेतल्यास मात्र दगडाची अपेक्षा करणारा माणूस चकित होतो, कारण ते पाण्याच्या सातपटीहून अधिक जड असते. कोळशावर ठेवून त्यावर फुंकनळीची ज्वाला सोडली, की लसणीचा उग्र वास सुटतो, पांढरा धूर निघतो आणि शेवटी तांब्याचा मणी मागे राहतो. तो वास म्हणजे आर्सेनिकची सही, आणि तो धूर म्हणजे सोमल. हा प्रयोग घरी कोणी करू नये, हे सांगणे नलगे.

या खनिजात शंभर भागांत सुमारे ७२ भाग तांबे आणि २८ भाग आर्सेनिक असते. म्हणजे तांब्याच्या तीन परमाणूंस आर्सेनिकचा एक. १८४५ साली ऑस्ट्रियाचे खनिजशास्त्रज्ञ हाइडिंगर यांनी त्यास इग्नासी डोमेको यांचे नाव दिले, आणि ते डोमेकाइट झाले. या डोमेकोंची कथा खनिजाइतकीच दुर्मिळ आहे. १८०२ साली जन्मलेल्या या तरुणाने रशियाच्या झारविरुद्ध पोलंडात झालेल्या १८३०-३१ च्या उठावात भाग घेतला, पराभवानंतर देशत्याग केला, पॅरिसच्या खाणविद्यालयात शिक्षण घेतले आणि १८३८ मध्ये तो चिलीस शिक्षक म्हणून गेला. मायदेश हरवलेला हा मनुष्य पुढे चिलीच्या विद्यापीठाचा सोळा वर्षे कुलगुरू होता. देशभक्तीचे वेड आणि दगडांचे वेड एकाच माणसात नांदू शकते, याचे हे उत्तम उदाहरण.

डोमेकाइटास भावंडेही आहेत. १८५७ साली फील्ड यांनी कोकिंबो प्रांतातील अल्गोडोनेस खाणीतून अल्गोडोनाइट उजेडात आणले. त्यात तांबे सुमारे ८४ टक्के. १९५८ मध्ये बोहेमियातून तिसरे, कोउतेकाइट, पुढे आले. मधल्या काळात मात्र नावांचा सुकाळ झाला होता. जरा निराळे मिश्रण हाती आले, की त्यास नवे नाव. अमेरिकेतील सुपीरियर सरोवराकाठच्या ताम्रप्रदेशातून १८५९ मध्ये व्हिटनीआइट आले, १९०० मध्ये मोहॉकाइट आले. पुढे चकाकविलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेविले गेले, क्ष-किरणांनी त्यांची अंतर्रचना तपासली गेली, आणि कळून आले की ही स्वतंत्र खनिजे नव्हेतच. पहिले आर्सेनिक मुरलेले तांबे, तर दुसरे दोन-तीन खनिजांची खिचडी. नावे कटाक्षाने यादीतून काढावी लागली.

या सुपीरियर सरोवराच्या काठी क्षणभर थांबावयास हवे, कारण तेथील पाषाण आपल्या नात्याचा आहे. तोही थरांवर थर साचलेल्या लाव्हारसाचा, चौसाळ्याच्या विहिरीत निघतो तशाच जातीचा. फक्त वयाने फार वडील. आपला दख्खनचा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तर तो सुमारे एकशे दहा कोटी वर्षांचा. त्या पाषाणाच्या भेगांतून आणि पोकळ्यांतून उष्ण द्रव खेळले व त्यांनी तेथे शुद्ध तांबे आणि त्याच्या सोबतीने तांबे-आर्सेनिकची ही खनिजे साठवून ठेविली. आपल्या पाषाणाच्या पोकळ्या मात्र झिओलाइट, अकीक आणि गारगोटी यांनी भरल्या. एकाच कुळातील दोन घरे, पण एकाच्या कणगीत धान्य आणि दुसऱ्याच्या कणगीत फुले, असा हा प्रकार झाला.

आता या खनिजांस कोणत्या वर्गात बसवावे? अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स ड्वाइट डाना यांनी १८३७ साली आपल्या ग्रंथात खनिजांची मांडणी वनस्पतिशास्त्राच्या धर्तीवर, लॅटिन नावे देऊन केली होती. १८५० च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच ती मोडून रसायनाच्या पायावर नवी रचना उभारली. आपलेच बांधलेले घर आपल्या हाताने पाडण्याचे धैर्य विद्वानांत थोडे आढळते, म्हणून हे आवर्जून सांगितले. या नव्या रचनेत आर्सेनिकाची धातूंशी झालेली संयुगे गंधकाच्या संयुगांशेजारी बसली, कारण खनिजांत आर्सेनिक पुष्कळदा गंधकाचीच भूमिका वठविते. १९४१ मध्ये जर्मनीत स्ट्रुन्त्स यांनी आपल्या कोष्टकांत रसायनास स्फटिकरचनेची जोड दिली. त्या परंपरेतून आज जे वर्गीकरण रूढ आहे, त्यात डोमेकाइट गंधकवर्गातच आहे खरे, पण त्याच्या अगदी पहिल्या ओळीत, ‘मिश्रधातू आणि मिश्रधातूसदृश संयुगे’ या शीर्षकाखाली.

आपल्या वादाच्या दृष्टीने हे शीर्षक फार महत्त्वाचे आहे. मिश्रधातू म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर ओतारी उभा राहतो: भाता चालू आहे, मूस लाल झाली आहे आणि तो तोलून मापून एका धातूत दुसरा मिळवीत आहे. आर्सेनिकमिश्रित तांब्याचे गुणही असे आहेत, की कोणी ते हेतुपूर्वक करावे. शुद्ध तांबे १०८५ अंशांस वितळते. आर्सेनिक मिसळल्यावर ते त्याहून कमी उष्णतेवर पातळ होते, साच्यात सुबक उतरते आणि थंड असता ठोकले तर शुद्ध तांब्याहून अधिक टणक होते. तथापि निसर्गच जर असा मिश्रधातू घडवून ठेवीत असेल, तर ओताऱ्याचा हेतू सिद्ध कसा करावयाचा? इराणात अनारकजवळ तालमेस्सी येथे शुद्ध तांबे आणि ही आर्सेनिकयुक्त खनिजे एकत्रच मिळतात. तो चमकदार दगड तांबे समजून कोणी मुशीत टाकला, तरी आर्सेनिक त्या धातूत आपोआप उतरणारच. इराणातील फार प्राचीन ताम्रवस्तूंतील आर्सेनिक अशा वाटेने आले असावे, असे काही संशोधकांनी प्रतिपादिले आहे.

आपल्या देशातही आर्सेनिक तांब्याच्या शेजारी नांदते. राजस्थानात खेतडीच्या ताम्रखाणींत कोबाल्ट, आर्सेनिक आणि गंधक यांचे एक खनिज मिळे. जयपूरचे मीनाकार त्यास ‘सेहता’ म्हणत आणि त्यापासून मीनाकामातील निळा रंग करीत. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाच्या मॅलेट यांनी १८८१ साली त्याची परीक्षा प्रसिद्ध केली. शिवाय मोहेंजोदडोच्या वस्तूंचे रासायनिक पृथक्करण झाले, तेव्हाही कित्येक नमुन्यांत टक्क्याहून अधिक आर्सेनिक निघाले होते. म्हणजे सिंधूच्या काळास हा धातू अपरिचित नव्हता.

अग्रवालांच्या मापनाबद्दल मला शंका नाही. त्यावरून काढलेल्या अनुमानाबद्दल आहे. दख्खनच्या अन्य वस्तूंत आर्सेनिक नाही आणि या चार शिल्पांत आहे, एवढ्यावरून ठरते ते इतकेच, की या शिल्पांचे तांबे निराळ्या वाटेने आले. ते निराळ्या काळीच आले, हे त्यावरून निघत नाही. काळ आणि खाण या दोन भिन्न गोष्टी आहेत. उलट बाजूही ध्यानात घ्यावी. आर्सेनिक अग्नीत टिकाव धरीत नाही. जुनी वस्तू मोडून पुन्हा ओतली, की त्याचा काही अंश धूर होऊन निघून जातो. ज्या मुलखात तांबे बाहेरून येई आणि मोडीचा तुकडाही फेकून देण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, तेथे एकच धातू पुनःपुन्हा मुशीत जात असणार. तेव्हा अन्य वस्तूंत आज आर्सेनिक दिसत नाही, यावरून ते मुळात नव्हते असेही खात्रीने म्हणता येत नाही.

याचा अर्थ शिल्पे उत्तर-हडप्पा काळचीच, हे सिद्ध झाले असा कोणी घेऊ नये. मातीची साक्ष हरवली ती हरवलीच, आणि प्राण्यांच्या आकृतींवरून काढलेला काळ हा शेवटी नजरेचा अंदाज असतो. पण आर्सेनिकास साक्षीदार म्हणून उभे करावयाचे, तर त्यास ‘केव्हा’ असे न विचारता ‘कोठून’ असे विचारावे. त्यासाठी आज साधनही आहे. तांब्यात सूक्ष्म अंशाने असलेल्या शिशाच्या समस्थानिकांचे परस्परप्रमाण खाणीखाणीत निराळे असते, आणि ते मोजावयास मोहरीएवढा कण पुरतो. तो कण रथाच्या कण्यातून घेता येईल, हत्तीच्या चौथऱ्याखालून घेता येईल. आणि मग खेतडी, मलाजखंड, कर्नाटकातील चित्रदुर्गाकडच्या ताम्रखाणी, फार काय अनारकसुद्धा, यांच्या दगडांशी त्याची गाठ घालून पाहता येईल.