बनावट अवतरण : जोना लेहरर प्रकरण

न उच्चारलेले शब्द एखाद्याच्या नावावर छापणे म्हणजे बनावट अवतरण. विज्ञान पत्रकारितेतील याचे गाजलेले उदाहरण अमेरिकी लेखक जोना लेहरर यांचे आहे. सर्जनशीलतेमागचे मेंदूविज्ञान सांगणाऱ्या त्यांच्या ‘इमॅजिन’ या पुस्तकात गायक बॉब डिलन यांची काही वाक्ये दाखला म्हणून दिली होती. ती कुठून घेतली, असे पत्रकार मायकल मॉयनिहान यांनी विचारले. लेहरर यांनी आधी अप्रकाशित मुलाखतीचा हवाला दिला. नंतर काही वाक्ये बनावट असल्याचे कबूल केले.

जुलै २०१२ मध्ये त्यांनी ‘द न्यू यॉर्कर’ सोडले आणि प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले. तोवर ते हजारो वाचकांच्या हाती पोहोचले होते.

हे नेमके कुठे म्हटले आहे? फॉरवर्ड करण्यापूर्वी हाच प्रश्न विचारावा.