१७ सप्टेंबर : मराठवाड्याचा मुक्तिदिन

१५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत तिरंगा फडकला, त्या वेळी बीड जिल्ह्यातील युसूफ वडगाव निजामाच्या अमलाखाली होते. मराठवाड्याच्या पाचही जिल्ह्यांत तो ध्वज उभारणाऱ्यास तुरुंगाची वाट धरावी लागे. आम्हां मराठवाडेकरांना स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा लाभले. म्हणूनच १७ सप्टेंबरच्या सुट्टीचे मोल आम्हांला वेगळे वाटते.

हैदराबाद संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी; राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू. अशा परिस्थितीत मराठी शाळांनी लोकजागृतीचे मोठे कार्य केले. युसूफ वडगावच्या शेजारच्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. १९३८ साली ते सत्याग्रहात उतरले आणि पुढे स्टेट काँग्रेसचे नेते झाले.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजामाने भारताशी 'जैसे थे' करार केला. परंतु कासिम रझवीच्या रझाकारांचा जुलूम वाढतच गेला. त्यांच्याविरुद्ध लिहिणारे 'इमरोज' पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला. अखेर १३ सप्टेंबरला मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. जुन्या माणसांच्या तोंडी या मोहिमेचे नाव 'पोलीस अ‍ॅक्शन' असेच राहिले.

या दिवशी छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभापाशी हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. गावोगावी शाळा व ग्रामपंचायतींत ध्वजवंदन होते, मुलांच्या प्रभातफेऱ्या निघतात, स्वातंत्र्यसैनिकांच्या कुटुंबीयांचा सत्कार होतो. पूर्वीच्या संस्थानातील कन्नड जिल्ह्यांत हाच दिवस कल्याण कर्नाटक उत्सव म्हणून साजरा होतो.

या आनंदाला एक दुःखाची किनारही आहे. फौजा आल्यानंतर अनेक ठिकाणी सूडाची लाट उसळली व रझाकारांच्या पापाचे प्रायश्चित्त निरपराध मुसलमान शेजाऱ्यांना भोगावे लागले. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावा, असा अंदाज केला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोचली होती. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. त्याच समितीने, स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही नोंद केली आहे.

मुक्तिसंग्राम जुलमी सत्तेविरुद्ध होता, कोणा एका धर्माविरुद्ध नव्हता. शोएबुल्ला खान यांचे बलिदान याची साक्ष देते. तेव्हा १७ सप्टेंबरला मुलांना या दिवसाची कथा सांगताना आपण हुतात्म्यांची नावे आदराने घ्यावीत. आणि ज्यांची नावे कोणत्याही स्तंभावर कोरली गेली नाहीत, त्या मृतांचेही स्मरण करावे. आपल्या गावातील वृद्धांकडे त्या दिवसांच्या ऐकीव आठवणी असतील, तर त्याही आताच लिहून ठेवल्या पाहिजेत.