कनेरगावचा नाका कोणाचा?

वाशिमकडून हिंगोलीला येताना पैनगंगेच्या खोऱ्यात कनेरगाव नाका लागतो. अकोल्याहून संगारेड्डीकडे जाणारा आजचा राष्ट्रीय महामार्ग १६१ येथून हिंगोली, कळमनुरी, वारंगाफाटा करीत नांदेडला उतरतो. गावाच्या नावातला ‘नाका’ टपऱ्यांचा, असे तरुण मंडळी सांगतात. माझ्या मते तो निजामाच्या करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा.

हिंगोलीत कंटिन्जंट फौजेची छावणी होती. फौज नावाची निजामाची, अधिकारी इंग्रज. तिचा खर्च थकला, म्हणून १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि पैनगंगा सरहद्द ठरली. एकाच सोयरीकसंबंधातली गावे दोन अमलांत विभागली गेली. अलीकडे दरबारी भाषा उर्दू, पलीकडे कचेरीत मराठी. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. पुढे सात हालीला सहा कलदार असा भाव ठरला. हिंगोलीचा कापूस अकोल्याच्या बाजारी न्यायचा तर मध्ये ही सरहद्द आलीच.

मालावर परवाना लागे, ही पद्धत मात्र तहाच्याही आधीची. मेडोज टेलरने १८३९च्या आपल्या ठगांवरील कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोली छावणीतल्या हरिसिंगाची हकीकत दिली आहे. हा प्रतिष्ठित व्यापारी. स्वतः टेलरचाही त्याच्याशी व्यवहार. मुंबईहून कापड आणायचे म्हणून त्याने कॅप्टन रेनॉल्ड्सकडून परवाना काढला. त्याच वेळी दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे कापड वाटेत होते. हरिसिंगाने मालकाला आणि त्याच्या माणसांना मारले, आणि ते कापड सरकारी परवान्यावर छावणीत आणून उघड विकले. आपल्याकडे ठगांचा रुमाल सर्वांना ठाऊक, या कागदाकडे कोणी पाहत नाही. मेलेल्या व्यापाऱ्याचे नाव टेलरनेही दिलेले नाही.

१९४८ला संस्थान गेले. १९५६ला मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले, तेव्हा सरहद्द नुसती परभणी-अकोल्याची जिल्हाहद्द उरली. १९९८ला वाशिम आणि १९९९ला हिंगोली जिल्हा झाल्यावर तीच या दोघांची झाली.

नाक्यावर गाठोडे सोडून दाखवलेली माणसे आज नव्वदीकडे झुकली आहेत. ज्यांच्या माळ्यावर करोडगिरीची पावती, उर्दू शिक्क्याचा परवाना किंवा बापजाद्यांची हिशेबवही असेल, त्यांनी यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालू नये. मोडी आणि उर्दू वाचून द्यायला मी येईन.