कलाटणी टिकते केव्हा?

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगविले. धनुष्य कोण मोडणार, हे पोरासोरांनाही ठाऊक. तरी मंडळी मन लावून बसली.

१९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ आला. साताऱ्याच्या वाटेवरल्या बुगडीचे त्यातले गाणे ग. दि. माडगूळकरांचे. त्यांचे माडगुळे तेव्हा दक्षिण सातारा जिल्ह्यात. पुढच्याच वर्षी जिल्ह्याचे नाव सांगली झाले. फडावर नाचणारी ती पाटलाचीच लेक, ही त्यातली कलाटणी. ती फुटायची थोडीच राहते? तरी पुण्याच्या विजयानंदमध्ये चित्रपट १३१ आठवडे चालला! मला वाटते, लोक ते गुपित ऐकायला नव्हे, पाटलाला ते ऐकावे लागताना पाहायला जात.

गुपितापलीकडे काही नसलेला चित्रपट एकदाच पाहवतो. दुसऱ्यांदा हिरमोडच पदरी.