गाण्याची वाटणी : तारप्यापासून मोबाइलपर्यंत

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर नवे धान्य घरात आले की तारपा निघतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा, एवढेच हे वाद्य. वाजवणारा मध्ये, माणसे त्याच्या भोवती. सूर जिथवर पोहोचतो तिथवरचे सारे त्या गाण्याचे वाटेकरी. आणि वाजवणारा कोण, हे विचारावे लागत नाही. तो समोरच असतो.

पुढे यंत्रे आली. १८८७ साली एमिल बर्लिनर यांनी ग्रामोफोन काढला. १९२७ साली मुंबईहून नभोवाणी सुरू झाली आणि एक सूर हजारो घरांत गेला. पण तबकडी शेजाऱ्याला दिली की आपल्या घरी ती उरत नसे. ही अडचण संगणकाने मिटवली. त्यात गाणे आकड्यांच्या रूपाने साठते. नक्कल दिली तरी मूळ जागच्या जागी राहते. विद्येसारखेच आहे बघा, दिल्याने सरत नाही.

एका इमारतीतले संगणक एकमेकांना जोडण्याची इथरनेट ही पद्धत १९७३ साली अमेरिकेत निघाली. तीस वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, अ‍ॅपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये गाणी वाटण्याची सोय केली. एका संगणकाने जणू हाक द्यायची, ‘माझ्यापाशी ही गाणी आहेत’. जाळ्यातल्या दुसऱ्याने यादी पाहून हवे ते ऐकायचे. लोक इंटरनेटवरून दूरदूरची गाणी ऐकू लागले, तेव्हा महिन्याभरातच कंपनीने ही सोय स्थानिक जाळ्यापुरती आखडली. अंगणात वाटा, गावभर नको, असाच त्याचा अर्थ.

खेड्यापाड्यांत हे काम संगणकापेक्षा मोबाइलनेच अधिक केले. आधी ब्लूटूथ, मग शेअरइट. दोन फोन आपसातच छोटे जाळे विणतात. त्याला टॉवर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. जून २०२० मध्ये सरकारने शेअरइटवर बंदी घातली. पण वाटणी काही थांबली नाही. आज अँड्रॉइड फोनमध्ये क्विक शेअर नावाची तशीच सोय असते.

मग चिंता कसली? माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या फोनमध्ये तारप्याचे सुरेख वादन होते. ‘कुणी वाजवलंय रे?’ मी विचारले. तो म्हणाला, ‘माहीत नाही सर, मित्राकडून आलं.’ मित्रालाही ते कुणाकडून तरी आलेले. सूर हातोहात पोहोचला. वाजवणाऱ्याचे नाव मात्र वाटेत गळले. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारख्यांचे नाव दूरवर गेले आहे. पण पाड्यापाड्यावर वाजवणाऱ्या इतरांचे काय?

म्हणून शिक्षकबंधूंना एक विनंती. आपल्या पाड्यावरच्या वादकाला आधी विचारा, त्याची संमती घ्या, मगच ध्वनिमुद्रण करा. त्या फाइलीला ‘गाणे १’ असे नाव न देता वादकाचे नाव, गाव आणि साल लिहा. शाळेत दोन संगणक असले तर ते जोडून मुलांना ऐकवा. इंटरनेट नसले तरी अडत नाही. आणि जमले तर त्या वादकालाच एक दिवस शाळेत बोलवा. फाइल एका क्षणात पलीकडे जाते, पण न तोडता श्वास घेत तारपा फुंकणे त्याच्यापाशी बसूनच शिकावे लागते.