गाडीच्या दारातला आवाज

नवी मोटार घेताना आपण ॲव्हरेज विचारतो, एसी विचारतो, रंगावरून घरात दोन दिवस वाद घालतो. दाराच्या जाळीमागे बसलेल्या स्पीकरबद्दल मात्र कुणी विचारत नाही. गिऱ्हाईक जिथे पाहत नाही तिथे कंपनी पैसे वाचवते. पातळ कागदाचा पडदा, लहानसं चुंबक, प्लॅस्टिकची चौकट. तो स्पीकर काढून बाजारातला बरा स्पीकर बसवणं ही तरुण पोरांची हौस समजली जाते. मला ती गोष्ट जरा वेगळी वाटते, आणि तिला इतिहासही आहे.

त्या इतिहासाची सुरुवातच मुळी बाहेरून बसवण्यापासून होते. १९२५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आपण आज वापरतो त्या पद्धतीचा स्पीकर मांडला. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटवलेला कागदी शंकू. वीज आली की वेटोळं मागेपुढे हलतं, शंकू हवा ढकलतो. शंभर वर्षं झाली, तत्त्व तेच आहे. पुढे १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांच्या अधिवेशनाला गेले. आत स्टॉल नव्हता, म्हणून बाहेर गाडी उभी करून मोठ्या आवाजात रेडिओ लावला. त्या रेडिओचं नाव मोटोरोला. किंमत शंभर डॉलरच्या वर, तीही फोर्डची नवी गाडी पाचशेच्या आसपास मिळत होती तेव्हा! बसवायचा तर डॅशबोर्ड खोलावा लागे. म्हणजे गाडीत आवाज आला तो कारखान्यातून नव्हे, हत्यारं घेऊन बसलेल्या माणसाच्या हातून.

पुढे कंपन्याच रेडिओ देऊ लागल्या. डॅशबोर्डच्या मधोमध एक स्पीकर, तोंड वर काचेकडे. १९६१ साली अमेरिकेत एफएमवर स्टिरिओ प्रक्षेपण सुरू झालं, १९६५ मध्ये फोर्डनं गाडीत एट-ट्रॅक टेप आणला, मग कॅसेट आली. आता डाव्या-उजव्या बाजूला वेगळे आवाज हवेत, तर स्पीकर ठेवायचे कुठे? दारं रिकामी होती. ध्वनीचा विचार करून कुणी दार निवडलेलं नाही हो, जागा होती म्हणून मिळाली! दारात पावसाचं पाणी उतरतं, पत्रा थरथरतो आणि शंकूच्या मागून निघालेला आवाज भोकांतून पुढे येऊन पुढच्या आवाजालाच खातो.

या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा माणूस बिल क्रचफिल्ड. जुनी पोर्शे दुरुस्त करताना तिच्यात बसेल असा स्टिरिओ त्याला सहज मिळेना. त्यातून १९७४ साली व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलमध्ये त्यानं टपालानं कार स्टिरिओ विकायचा धंदा काढला. सुरुवातीला खप होईना. त्यानं गिऱ्हाइकांनाच विचारलं, तेव्हा कळलं की लोक स्वतःच्या हातानं बसवायला घाबरतात. मग त्यानं कॅटलॉगमध्ये कसं बसवायचं ते लिहायला सुरुवात केली आणि धंदा चालू लागला. मोटार कंपन्यांना जाग आली ती नंतर. १९८२ मध्ये जनरल मोटर्सनं बोसशी मिळून विशिष्ट गाडीच्या मापानं बेतलेली यंत्रणा कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली, पण महागड्या गाड्यांत. स्वस्त गाडीच्या नशिबी पातळ कागदच राहिला.

आपल्याकडे तर अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या दिवसांत टेप बाजारातूनच बसवला जाई. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिच्याही मालकांनी तो बाजारातूनच बसवला. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली ही नावं त्या पिढीला पाठ. मागच्या काचेखालच्या फळीवर सहा बाय नऊ इंची अंडाकृती स्पीकर, शेजाऱ्यांना दिसावेत असे. खोक्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारांत वॅट छापलेले. तो आकडा म्हणजे निव्वळ थाप! गाडीतला डेक एका स्पीकरला प्रत्यक्षात पंधरा-वीस वॅट देतो, फार नाही.

मी कवी माणूस, धमधमाटाशी मला कर्तव्य नाही. मला शब्द हवा. माझ्या गाडीतल्या मूळ स्पीकरवर बातम्या ऐकताना ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरक कळत नसे. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरं वरच्या पट्टीत राहतात, आणि तिथेच स्वस्त पडदा मुका होतो. आमचे एक वडीलधारे शायर गेले. त्यांच्या शेवटच्या मैफिलीचं रेकॉर्डिंग मी प्रवासात लावायचो, तर शेर कळायचा आणि काफिया हरवायचा. शेवटी पुढच्या दोन दारांत, दोन-अडीच हजारांत, मधोमध लहान ट्वीटर असलेली कोॲक्सियल जोडी बसवली. मागचे स्पीकर तसेच ठेवले. गाडी चालवणाऱ्याचे कान पुढेच असतात.

पैसे बेताचे असतील तर खोक्यावरचे वॅट पाहू नका, ‘सेन्सिटिव्हिटी’ पाहा. एक वॅटला एक मीटरवर किती डेसिबल, असा तो आकडा असतो. तीन डेसिबल जास्त देणारा स्पीकर तेवढाच आवाज निम्म्या विजेवर काढतो, मग वेगळा अॅम्प्लिफायर लागत नाही. ओहम मूळ स्पीकरइतकेच घ्या, बहुतेक गाड्यांत चार असतात. कंपनीची वायर कापू देऊ नका, जोडणीचं तयार सॉकेट अगदी किरकोळ किमतीत मिळतं. दोन्ही स्पीकरचे प्लस-मायनस सारखे लावले आहेत ना, हे उभं राहून पाहा. एक उलटा लागला तर खर्ज गायब होतो आणि दोष नव्या स्पीकरवर येतो. दाराच्या पत्र्याची भोकं डँपिंग शीटनं बुजवून घ्या, मात्र पाणी निघायची खालची भोकं मोकळी राहू द्या. माझ्या अनुभवानं या शीटचा परिणाम महागड्या स्पीकरपेक्षा जास्त, पण दुकानदार ती आपणहून सुचवत नाही.

आताच्या गाड्यांत डेक स्क्रीनमध्येच मिसळून गेला आहे, त्याला हात लावणं कठीण. स्पीकर अजून चार स्क्रूंवर असतात. काढलेली कंपनीची जोडी खोक्यात घालून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना ती परत बसवायची आणि आपली जोडी पुढच्या गाडीत न्यायची. भोकाचं माप जुळलं नाही तर मध्ये रिंग घालून देतात.