हळदीचा दाखला

निंदताना विळा लागून बोट कापले, तर वऱ्हाडातील बाई दवाखान्याची वाट धरण्यापूर्वी घरात जाते आणि हळदीची चिमूट जखमेवर दाबते. हे तुला कोणी शिकविले, असे विचारले तर ती हसेल. आईला तिने तसे करताना पाहिले, आईने आजीला पाहिले. असल्या गोष्टीला कोणी मालक असेल, हे तिच्या स्वप्नातही येणार नाही. परंतु १९९५ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या पेटंट कचेरीने, जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देऊन टाकले. ज्यांच्या नावे हा शोध नोंदला गेला ते दोघे संशोधक मूळचे भारतीय होते, हेही सांगितले पाहिजे. हा देशी विरुद्ध विलायती असा सरळ सामना नव्हता.

पेटंट म्हणजे ठराविक मुदतीचा एकाधिकार. शोध लावणाऱ्याने आपला शोध जगापुढे उघड करावा आणि त्याच्या मोबदल्यात काही वर्षे त्याचा लाभ एकट्याने घ्यावा, असा हा सौदा आहे. तत्त्व वाईट नाही. मात्र शोध नवा असला पाहिजे, ही त्यातील पहिली अट. मग आजीबाईच्या बटव्यातील हळद नवी कशी ठरली? याचे उत्तर अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्यात आहे. परदेशात एखादी गोष्ट कोट्यवधी लोक करीत असले, तरी तेवढ्याने ती तेथे जुनी ठरत नसे. ती कोठेतरी छापलेली असावी लागे. हा नियम पुढे २०१३ साली बदलला. पण १९९५ साली आपल्या बायांचा अनुभव त्या कचेरीच्या दारात उभाही राहू शकत नव्हता.

तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातील माशेल गावी जन्मलेले, मुंबईत हलाखीत शिकलेले मराठी गृहस्थ. परिषदेने १९९६ साली या पेटंटाला आव्हान दिले. तिने सभा भरविल्या नाहीत, ‘आमच्या वेदांत सर्व काही आहे’ अशी गर्जनाही केली नाही. तिने कागद गोळा केले. संस्कृत, हिंदी, उर्दू अशा भाषांतील ३२ दाखले पुढे ठेवले. त्यांत भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक लेखही होता. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

आता निंबाची हकीकत पाहा. निंबाच्या तेलाने बुरशी आवरण्याच्या एका पद्धतीचे पेटंट युरोपीय पेटंट कचेरीने १९९४ साली अमेरिकेचे कृषिखाते व डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना दिले. वंदना शिवा आणि त्यांच्या युरोपातील सहकाऱ्यांनी त्यास हरकत घेतली. युरोपच्या कायद्यात छापील पुराव्याप्रमाणेच प्रत्यक्ष वापराचा पुरावाही चालतो. म्हणून महाराष्ट्रातील एक कारखानदार अभय फडके यांची साक्ष तेथे मोलाची ठरली: आपण अशी प्रक्रिया या पेटंटाच्या अर्जापूर्वीच वापरीत होतो, असे त्यांनी सांगितले. २००० साली पेटंट रद्द झाले आणि २००५ साली त्यावरील अपीलही फेटाळले गेले. एका ठिकाणी कागद बोलला, दुसऱ्या ठिकाणी माणूस बोलला. दोन्ही ठिकाणी पुरावा लागलाच.

योगासंबंधी मात्र आपल्याकडे बराच गैरसमज आहे. अमेरिकेने आसनांचेच पेटंट दिले, असे पुष्कळांना वाटते. गाजलेला खटला पेटंटाचा नव्हता, ग्रंथस्वामित्वाचा होता. बिक्रम चौधरी यांनी २६ आसने व २ श्वसनक्रिया यांच्या क्रमावर आपला हक्क सांगितला होता. २०१५ साली तेथील अपील न्यायालयाने निर्णय दिला की, पुस्तकातील शब्द लेखकाचे असू शकतात. आसनांचा क्रम ही एक पद्धती आहे, तिच्यावर असे स्वामित्व चालत नाही.

या बाबतीत आपल्या मुलखाने पूर्वीच एक चांगला मार्ग दाखविला आहे. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले आणि १९३६ साली मंडळाच्या पथकाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून आसनांवरील प्रयोग छापण्यास आरंभ केला. विद्या उघड करणे हेच तिचे रक्षण, ही गोष्ट त्यांच्या कार्यातून आपोआप साधली. याउलट ज्या वैद्यांनी आपले पाठ मुलालाही मरतेवेळी कानात सांगितले, त्यांची विद्या बहुधा त्यांच्याबरोबरच गेली.

२००१ साली सरकारने पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्यास घेतले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध व योग यांच्या ग्रंथांतील माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या भाषांत मांडण्यात आली आणि २००९ पासून युरोपीय पेटंट कचेरीस ती पाहावयास मिळू लागली. वैद्य आणि हकीम एकाच कपाटात बसले, याचे पातूरकरांना नवल वाटू नये. ज्या गावात डोंगरातली लेणी आणि शेखबाबूंचा दर्गा शेजारी नांदतात, त्या गावाला हा शेजार जुनाच आहे.

परंतु हे कपाट मुख्यतः ग्रंथांचे आहे. मेळघाटातील कोरकूंचा भुमका जी मुळी ओळखतो, अंजनगाव-अकोटकडचा बारी पानपिंपळीचा मळा ज्या युक्तीने राखतो, ती कोणत्या ग्रंथात? आणि ती लिहून काढली तर दुसरी अडचण उभी राहते. उघड झालेल्या विद्येचे पेटंट कोणाला मिळत नाही हे खरे, पण तिच्यावर औषध काढून जो पैसा मिळवील, त्यातील कवडीही भुमक्याच्या झोपडीत येत नाही. यासाठीच २००२ चा जैवविविधता कायदा झाला. लाभातील वाटा त्या लोकांना मिळावा, आणि प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमून गावची नोंदवही तयार करावी, असे तो सांगतो. २०२४ च्या मे महिन्यात जिनिव्हात जगातील राष्ट्रांनी एक करारही स्वीकारला. पेटंट मागणाऱ्याने आपला मूळ माल व ज्ञान कोठून आणले ते सांगावे, असा त्याचा आशय आहे.

कायदे दिल्लीत होतील, करार जिनिव्हात होतील. नोंदवही मात्र गावातच भरावी लागते, आणि ती विचारून, सांगणाराचे नाव व त्याची संमती घेऊन भरावी लागते. पातूरच्या टेकड्यांवरची वनस्पती ओळखणारी किती म्हातारी माणसे आज उरली असतील? हळदीच्या वेळी ३२ कागद सापडले, कारण कोणीतरी आधी लिहून ठेवले होते. पुढच्या वेळचे कागद लिहिण्याचे काम आपल्याकडे आहे.